नानांनी निवडलेली विमा कंपनी

नाना पवार पहिल्यांदा वारले ते मिरजेत, एका विमा कंपनीच्या कचेरीत. मी तेव्हा त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो.

"आमचं थो-थोरलं भाऊ," नाना टेबलापलीकडच्या कारकुनाला म्हणाले, "ग्येलं. त-तुमच्यात इमा उतरला हुता म-म्हनत हुतं."

नानांना थोरला भाऊ नव्हता. गेलेला माणूस म्हणून त्यांनी जे नाव सांगितलं ते त्यांचं स्वतःचं होतं. आणि ते तोतरेही नव्हते. पहिल्या लढाईत पलटणीत हवालदारकी केलेला माणूस. ओढ्याच्या अलीकडून हाक मारली की पलीकडच्या शिवारातली गुरं माना वर करत. तो गडी इथे शब्दाशब्दाला अडखळत होता.

कारकुनानं मान वर केली नाही. "पॉलिसीचा नंबर?"

"न-न्हाई ठावं. क-कागूद घ-घ..."

"घरी असेल. घेऊन या. पुढचं कोण आहे?"

नाना उठले. बाहेर रस्त्यावर येताच त्यांनी टाचा जुळवल्या आणि पलटणीच्या आवाजात निकाल दिला, "फेल!" टांग्याचा घोडा बिचकला.

मी त्या वर्षी मॅट्रिक होऊन सांगलीहून गावी आलो होतो. आमचं गाव कुंडलच्या बाजूचं, आणि नानांचं घर आमच्या घराला लागून. मला इंग्रजी वाचता येतं एवढ्या कारणावरून नानांनी मला आपल्या मोहिमेत घेतलं. दुसऱ्या लढाईवर गेलेल्या पोरांच्या मनिऑर्डरी त्या काळात गावोगाव येत आणि त्यांच्या मागोमाग विम्याचे एजंट येत. घोड्याच्या चित्राचं कॅलेंडर भिंतीला लावून जात. निम्म्या गावाच्या भिंतीवर तो घोडा उधळलेला होता. नानांनी विमा उतरवायचं काढलं तेव्हा मीही साहजिकच म्हणालो, "घोड्याच्या कंपनीत उतरवा. लय मोठं नाव आहे."

"आमच्या पलटनीचं नाव काय ल्हान हुतं का रं?" नाना म्हणाले. "पर मेलेल्याची बायकू पेन्शनीला ग्येली तर साह्यब तिच्यासंगं कसं बोलनार, त्ये नावात लिवल्यालं नसतंय. आधी रपोट, मग सलूट."

'आधी रपोट, मग सलूट' हे त्यांचं नेहमीचं. बैल घ्यायचा असो, जावई बघायचा असो, देवळात नवा पुजारी येवो; नाना आधी चौकशी करीत, मग मान लववीत. त्यांचं म्हणणं असं, की विमा उतरवणाऱ्याशी सगळ्याच कंपन्या गोड बोलतात. माणूस मेल्यावर त्याच्या घरच्यांशी कशा बोलतात, ते मेल्याशिवाय कळायचं नाही. तेव्हा मरून बघायचं.

"पण नाना, तुम्ही तोतरं का बोलता?"

"तुला काय करायचंय? तू पाट्या वाच."

नानांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि नानी. गावात सगळे म्हणत की नाना बायकोला तोंड उघडू देत नाहीत. ते खरंही दिसे. कासारीण बांगड्या भरायला आली तरी "हिला हिरव्या भर" असं नानाच सांगत. नानीला कुणी काही विचारलं की नानांचं उत्तर आधी तयार. नानी नुसती हसायची. माझी आई एकदा चिडून म्हणाली होती, "जल्माला घातली तवा त्या बाईला जीभ दिली हुती का न्हाई देवानं, त्यो पवारच जाणे!"

दुसऱ्यांदा नाना साताऱ्यात वारले. तिथला साहेब फार अगत्याचा. त्यानं आम्हाला आत नेलं, मोठा उसासा टाकला, आयुष्य किती बेभरवशाचं आहे ते सांगितलं आणि बोलता बोलता मयताच्या भावालाच एक नवी पॉलिसी घ्यायचा आग्रह सुरू केला. कशीबशी सुटका करून घेतली. "मड्याजवळ दुकान मांडतंय!" नाना जिन्यावरूनच गरजले. मी त्यांना दंडाला धरून ओढलं, कारण वरच्या खिडकीतून साहेब बघत होता आणि मघाचा तोतरा माणूस आता ठणठणीत बोलत होता.

तिसऱ्या खेपेला मात्र मी खरोखरच घाबरलो. सांगलीतली कचेरी, आणि कारकुनाशेजारी एक पोलीस चहा पीत बसलेला. ते दिवस असे की, आमच्या भागातला माणूस म्हटला की पोलीस आधी पिशवी झाडून बघत आणि मग नाव विचारत. चळवळीतली गावची काही पोरं भूमिगत होती. मी नानांचा सदरा ओढला. पण नाना खुर्चीत बसलेच.

"कशानं गेले?" कारकुनानं विचारलं.

"क-क-का..."

"कॉलरा?"

"न-न्हाई. का-का..."

"कावीळ! कावीळच असणार," पोलीस म्हणाला. दोघं हसले. मागच्या टेबलावरचे दोघेही हसू लागले. नानांच्या कपाळाची शीर उठलेली मला दिसली. एक क्षण वाटलं, आता हा माणूस आपल्या खऱ्या आवाजात फुटणार आणि आम्ही दोघं थेट गजाआड जाणार. पण नाना हळूच उठले, नमस्कार केला आणि बाहेर पडले. त्या दिवशी ते 'फेल'सुद्धा म्हणाले नाहीत.

"नाना, आता पुरे," मी म्हणालो. "कुठंतरी पकडले जाऊ."

"अजून एक," ते म्हणाले. "त्यो बग, वर बोरड हाय."

हळदीच्या एका पेढीच्या वर एक मळका फलक होता. त्या कंपनीचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, आणि कुणाच्या भिंतीवर तिचं कॅलेंडरही पाहिलं नव्हतं. अरुंद जिना चढून गेलो. आत चौगुले नावाचे एक मध्यमवयीन गृहस्थ; काळी टोपी, कोटाच्या बाह्यांवर हळदीची पिवळी छटा. नानांनी सुरुवात केली. चौगुल्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. नाना एका शब्दावर फारच अडले. मला वाटलं, आता हेही तो शब्द पुरा करणार. ते थांबून राहिले. नानांचं सगळं बोलून झाल्यावर त्यांनी आधी माठातलं पाणी दिलं. मग वह्या काढल्या, एकामागून एक चाळल्या.

"नाव सापडत नाही," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण एखाद्या एजंटानं पैसे घेऊन भरले नसतील, असं होऊ शकतं. तसं असलं तर दोष आमचा. तुमच्या गावाचं नाव सांगा. मी शोध घेतो."

आणि नाना बेसावध सापडले. त्यांनी गावाचं खरं नाव सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात नाना कडेगावच्या बाजाराला बैल बघायला गेले होते. दुपारी मी सोप्यावर बसलो होतो, तर वेशीतून सायकल ढकलत एक माणूस येताना दिसला. काळी टोपी, कोट. दोन्ही बाजूंनी तालमीतली दोन पोरं त्याला चिकटून चालत होती. त्या दिवसांत अनोळखी कोट गावात शिरला की तो सरकारचा खबऱ्या असंच आधी समजलं जाई. मी चौगुल्यांना ओळखलं आणि धडपडत उठलो. चप्पल शोधण्यात वेळ गेला तेवढ्यात चौगुले पवारांच्या अंगणात पोचलेसुद्धा.

नानी जोंधळे पाखडत होती. चौगुल्यांनी टोपी काढली, हात जोडले.

"वहिनी, फार वाईट झालं. रामचंद्रराव गेल्याचं कळलं..."

नानीच्या हातातलं सूप पडलं. जोंधळे अंगणभर झाले. तिचं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. नुसता गळा हलत होता. आवाज शेजारणींनी काढला. बघता बघता अंगण भरलं. नाना सकाळी कडेगावला गेलेले सगळ्यांना ठाऊक होतं.

तालमीतल्या पोरानं चौगुल्यांची कॉलर धरली. "कुटं बगितलंस? कवा? गोळी घातली का पोलिसांनी?"

"मी बघितलं नाही. त्यांच्या धाकट्या भावानंच सांगितलं."

"त्येला भाऊच न्हाई! खबऱ्या हाय ह्यो! धरा रं!"

कुणीतरी चौगुल्यांची सायकल ओढ्याकडे ओढली. एकानं काठी उचलली. मी गर्दीत घुसलो आणि ओरडलो, "सोडा त्यांना! नाना जिवंत आहेत! ते कचेरीत जाऊन आपणच मेलो असं सांगतात! कंपनीची परीक्षा घेतात!" हे इतकं वेड्यासारखं वाटत होतं की माझा मलाच राग आला. कुणी ऐकेना. काठी चौगुल्यांच्या खांद्याला लागून गेली. मी जीव खाऊन ओरडलो, "मी सोबत असतो! तिथं ते मुद्दाम तोतरं बोलतात!"

त्या वाक्यासरशी नानीनं एकदम माझ्याकडे पाहिलं. ती उठली, गर्दीत आली आणि तिनं काठीवाल्याचा हात धरला. आतापर्यंत कुणाला हाक न मारलेली बाई. पोरानं काठी खाली घेतली.

नाना आले ते तासाभरानं. दारापुढची गर्दी बघून ते धावतच आत शिरले. नानीनं त्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली आणि सोडलीच नाही. चौगुले सोप्याच्या कडेला बसले होते.

"हेच ते धाकटे भाऊ," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. चौगुले हसले नाहीत. उठून नानांच्या समोर उभे राहिले. "पवार, माणूस गेला असं ऐकलं की मी त्या घरी जातो. कंपनी सांगत नाही, मी जातो. आता पुढच्या खेपेला कुणाच्या दारात उभं राहताना माझ्या मनात येईल, हेही खोटं असलं तर? हे तुम्ही केलंत माझं."

ओढ्यापलीकडे पोचणारा तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. बोलली ती नानी.

"त्ये म-म-माज्या..."

खरी तोतरी नानी होती. चार-दोन बायकांना ठाऊक असेलही. पण त्यांनी ती गोष्ट पाणवठ्याच्या बाहेर जाऊ दिली नव्हती. आम्हा बाकीच्यांना त्या दिवशी कळलं. माझ्या आईनं पदर तोंडाला लावला. नानी घामानं भिजली होती, शब्द येत नव्हता. पाटलांचा म्हातारा मदतीला म्हणून बोलू लागला, "माज्या घरात..." चौगुल्यांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि ते नानीकडे बघत राहिले.

"माज्यापायी क्येलं," नानी म्हणाली. "त्येंच्या मागं म-मलाच यावं लागल न्हवं कचेरीत? म-म-माज्यासंगं कोन क-कसं बोलतंय, त्ये ब-बगत हुतं."

नाना बायकोकडे बघत नव्हते. ते सगळा वेळ चौगुल्यांच्या तोंडाकडे बघत होते.

चौगुल्यांनी टोपी घातली. नानीनं दिलेलं पाणी प्यायले. "विमा उतरवायचा असेल तर सांगलीला या," ते नानांना म्हणाले. "पण मरून येऊ नका. आणि माझ्याकडे बघून उतरवू नका. मी आज आहे, उद्या नसेन. कंपनी लहान आहे. तिचा ताळेबंद देतो, या पोराकडून वाचून घ्या. देणं वेळेवर दिलंय की नाही ते त्यात बघा, आणि पटलं तरच या."

"रपोट!" नाना पुटपुटले.

तो रपोट मी त्यांना ओळीनं वाचून दाखवला. जिथं मला समजलं नाही तिथं त्यांनी मला सांगलीच्या माझ्या मास्तरांकडे पिटाळलं. मास्तर म्हणाले, कंपनी लहान आहे पण घेतलेलं परत देणारी दिसते. मग डॉक्टरकडे छाती तपासून झाली. डॉक्टर "श्वास सोडा" म्हणाले तरी नाना परेडवर असल्यासारखे छाती फुगवून उभे होते.

सही करायच्या दिवशी नानांनी नानीला सांगलीला आणलं. जिना तिच्या पायाखालचा व्हावा म्हणून. नाना स्वतः तिच्यापुढे दोन पायऱ्या चढले, थबकले आणि मागे वळले. "तू जा वर," ते म्हणाले. "मी हितंच हाय."

नानी एकटी वर गेली. आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो. वरून चौगुल्यांचा आवाज आला, "या बसा. पैसे ज्यांना मिळायचे त्यांचं नाव सांगा." खुर्ची सरकली. मग काही ऐकू येईना. नानांचे ओठ हलायला लागले. ते तिचा शब्द खालून म्हणत होते. लक्षात आलं तसं त्यांनी आपल्याच तोंडावर पंजा दाबून धरला.

"हौ-हौसाबाई," वरून आलं.

"आणि यजमानांचं नाव?"

नाना दचकले. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मलाही वाटलं, आता चौगुलेच ते लिहून टाकतील, त्यांना ठाऊकच आहे. पण वर कुणी घाई केली नाही. खाली पेढीत पोती उतरत होती, हमालांचा गलका चालला होता.

"रा," नानी म्हणाली. "रा-रा-रामचंद्र."

नाना जिन्यातच बसले.

"सदा," ते इतक्या हळू म्हणाले की मला वाकावं लागलं, "ऐकलंस? माजं नाव घ्येतलं तिनं."

खालून एक हमाल पाठीवर पोतं घेऊन आला. "वाटंतनं सरका की, पावनं!"

नानांनी ओठावर बोट ठेवलं. वर नानी पुढे आडनाव सांगत होती.