आंबेनगरचे सात सबनीस

आंबेनगर महापालिकेत जो कोणी खातेप्रमुख होई, तो आठवड्याभरात सबनीस होई. गोरा रंग, मागे सरकलेले केस, बारीक मिशी, करडा सफारी. बाई असो वा बुवा, माणूस कुठल्याही मुलखातला असो, फरक पडत नसे. मूळचे सबनीस केव्हाच निवृत्त झाले होते. त्यानेही फरक पडला नव्हता.

रजनी मडावी गडचिरोलीहून पाणीपुरवठा प्रमुख म्हणून रुजू झाली तेव्हा तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. आस्थापना विभागाचे सबनीस तिला दिवसभर इमारतीतून फिरवत होते.

"आपल्याकडे भरती अगदी सर्वसमावेशक," ते अभिमानाने म्हणाले. "सात प्रमुखांत चार बायका, तुम्हाला धरून. आरोग्याला मालेगावच्या रझिया मॅडम, उद्यानाला नागालँडच्या बाई, शिक्षणाला सिद्दी समाजाचे गृहस्थ."

"त्यांची भेट घालून द्याल का?"

"अहो, भेटलात की सगळ्यांना."

रजनी चक्रावली. सकाळपासून तिने एकाच माणसाला सहा वेळा नमस्कार केला होता.

"आणि तुम्ही कुठले?"

सबनीस थबकले. घसा खाकरून म्हणाले, "मी बहुधा लातूरची."

"त्रास नाही का होत याचा?"

"सुरुवातीला ओठावर खाज येते. मग काही कळत नाही. शिवाय लोकांची सोय होते. साहेब बदलले म्हणून कोणाला नव्याने ओळख करून घ्यावी लागत नाही."

त्याच पावली गडचिरोलीला परतावं, असं रजनीच्या मनात आलं. पण मुलाखतीच्या वेळी तिने शहराचा नकाशा पाहिला होता. त्यात टेकडीवरच्या खडकमाळ वस्तीपर्यंत जलवाहिनी गेलेली होती आणि पुरवठा मात्र शून्य लिहिला होता. असं का, हे तिला कळत नव्हतं, आणि न कळलेलं सोडून जाण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

त्याच आठवड्यात ती खडकमाळला गेली. पारूबाई नावाची एक बाई कोरड्या नळाशेजारी भांडी राखेने घासत बसली होती.

"पाणी येईल," रजनी म्हणाली.

"तुमच्या आधीच्या मॅडमही हेच म्हणाल्या," पारूबाईने मान वर न करता सांगितलं. "इथं बसून चहा प्यायल्या. चांगल्या होत्या हो. पुढल्या सोमवारी आले ते सबनीस. म्हणाले, पाण्याला दाब नाही."

"मी तसं नाही करणार. उद्या परत येतो."

रजनी दचकली. "येते," तिने घाईने दुरुस्त केलं.

पारूबाईने आता मान वर केली आणि तिच्या वरच्या ओठाकडे निरखून पाहिलं. "काय करायचं ते लवकर करा, बाई."

रजनी थेट पाण्याच्या टाकीवर गेली. तिथे टिकेकर नावाचे व्हॉल्व्हमन होते. खडकमाळचा व्हॉल्व्ह गच्च बंद होता.

"उघडा हा."

"सबनीस साहेबांनी बंद ठेवायला सांगितलंय."

"कोणत्या सबनीसांनी?"

टिकेकरांनी थोडा विचार केला. "सगळ्यांनीच, मॅडम."

तेव्हा तिने स्वतःच चाक धरलं. ते गंजलेलं होतं. अर्ध्यावर आलं तेव्हा तिला आपले हात गोरे दिसले, कुडत्याच्या बाह्या करड्या झाल्या. 'दाब नाही' हे शब्द जिभेवर आले. तिने दात घट्ट आवळले आणि चाक फिरवत राहिली. पाणी घोंघावत सुटलं, आणि टिकेकरांनी खाडकन सलाम ठोकला.

"साहेब, तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच," सबनीस म्हणाले. आपल्या हातांना गंज कसा लागला, हे त्यांना कळेना.

खडकमाळला पाणी आलं. महापालिकेने सबनीसांचा सत्कार ठरवला. मंचावर सात खुर्च्या होत्या आणि शाल एकच. "ज्यांनी व्हॉल्व्ह उघडला त्यांनी पुढे यावं," आयुक्त म्हणाले. सातही जण अर्धवट उठले आणि एकमेकांकडे बघत पुन्हा बसले. रजनीला वाटत होतं, तो आपणच उघडला. पण शेजारच्या सबनीसांच्या चेहऱ्यावरही अगदी तेच वाटत असलेलं दिसत होतं. शाल कोणाला द्यायची हे ठरवायला आयुक्तांनी तिथल्या तिथे समिती नेमली.

लेकीचा सत्कार म्हणून रजनीची आई गडचिरोलीहून आली होती. ती मंचावर चढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे चेहरे पाहून आली आणि मधोमध उभी राहिली. मग कोणा एकाकडे न बघता तिने गोंडीत विचारलं, "जेवलीस का?"

"नाही गं आई," सातही सबनीस एकदम म्हणाले. कोणी गोंडीत म्हणालं, कोणी उर्दूत, आणि एकाची भाषा सभागृहात कोणालाच ओळखता आली नाही.

आईने मंचावरच बैठक मारली, पिशवीतून भाकरी काढल्या आणि सात वाटे करायला घेतले.