हे कुठल्या शहाण्यानं बुजवलं?

"अहो, आरशात तरी बघा! गालात लिंबू धरल्यासारखं दिसतंय," बायको कळवळून म्हणाली. प्लंबर नवऱ्याने नुसता हात झटकला.

दाढ आठवडाभर ठणकत होती. हिरडीवर फोड आला होता, दाढेच्या खड्ड्यातून घाण चवीचं काहीतरी झिरपत होतं आणि सकाळपासून अंगात ताप होता. पण दाताच्या डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं की हा गडी ठार बहिरा.

कारण असं, की त्याच बाईंच्या दवाखान्यातला नळ त्याने नुकताच दुरुस्त केला होता. बाईंनी गळतीवर कापूस कोंबून वर मेण थापलं होतं. ते पाहून याने भर पेशंटांसमोर आपलं ठेवणीतलं वाक्य फेकलं होतं, "हे कुठल्या शहाण्यानं बुजवलं?" वर, वाट बुजवली की पाणी भिंतीत शिरतं, यावर व्याख्यानही झोडलं होतं. आता त्याच बाईंपुढे तोंड उघडायचं म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच होतं.

"मग दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ."

"भलत्याच्या हाती दाढ देऊ?"

बायकोने कपाळावर हात मारला.

दुपारी तो उड्या मारतच स्वयंपाकघरात आला. "अगं, ठणका थांबला! एकदम! उगाच डोकं खात होतीस. आता तेवढं झिरपणं राहिलंय, ते बघतो मी."

ते त्याने कसं बघितलं, हे संध्याकाळी कळलं. गाल डोळ्यापर्यंत चढला होता आणि ओट्यावर अर्धी मेणबत्ती पडली होती.

"दाढेत मेण भरलंत? तुम्ही?" बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने आधी त्याचा गळा चाचपला. "श्वास घेता येतोय ना? गिळता येतंय ना?"

त्याने मान डोलावली. तिने दंड धरून त्याला तसंच, पायांत एक चप्पल त्याची, एक तिची, दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आरसा घालून पाहिलं. मग चष्मा वर केला आणि अगदी सावकाश विचारलं, "हे कुठल्या शहाण्यानं बुजवलं?"

खुर्चीतला प्लंबर आ वासून छताकडे बघत राहिला.

"ठणका थांबला म्हणजे बरं झालं नाही हो. आतली नस मेली. पू होता तिथेच होता, त्याची वाट तुम्ही बंद केलीत. सूज गळ्यात उतरली असती तर थेट मोठं हॉस्पिटल गाठावं लागलं असतं. वाट बुजवली की पाणी कुठे शिरतं?"

त्याने गुपचूप भिंतीकडे बोट दाखवलं.

बाईंनी पू काढला, तोंडात कापसाचा बोळा दिला आणि बजावलं, "बोलायचं नाही. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. आणि दाढेच्या मुळाचं काम बाकी आहे, परत यायचं."

बायकोचा जीव भांड्यात पडला. इतक्यात कोपऱ्यातून आवाज आला. टप. टप.

प्लंबर ताडकन उठून बेसिनपाशी गेला आणि खाली वाकला. नळाच्या सांध्यात कापूस होता, वर गुलाबी मेण. दातांच्या कामाचंच असावं.

बाईंचा चेहरा पडला. "परवापासून पुन्हा गळतोय. तुम्हाला किती फोन केले, एकही उचलला नाहीत..."

नवरा बोळ्यामागून "अं! अं!" करत थयथयाट करू लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असला मोका, आणि बोलायची बंदी!

बायकोने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. संसारात असलं काहीतरी करावंच लागतं म्हणून तिने सुस्कारा टाकला आणि कमरेवर हात ठेवले.

"डॉक्टर, हे विचारताहेत, हे कुठल्या शहाण्यानं बुजवलं?"