पार्श्वभूमी : समुद्र (कायम)

निळी चादर, डबल बेडची. एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग आहे, तो जहाज समजावा.

उजव्या डोळ्यात थेंब, दिवसातून चार वेळा.

साडूच्या बैठकीच्या खोलीतला फोटो : चार फूट बाय अडीच.

सूर्य पश्चिमेला मावळतो. या व्यवस्थेबद्दल आजवर एकही लेखी तक्रार आलेली नाही.

बस क्रमांक अकरा, सुटण्याची वेळ सकाळी सहा दहा.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं ज्याला वाटेल, त्याने आयुष्यात कधी कुटुंबाची सहल आखलेली नाही असं खुशाल समजावं.

सहल जाण्याने होत नाही, आखण्याने होते. जाणं काय, कोणालाही जमतं. वारा जातो, वीज जाते, नळाचं पाणी तर न सांगता जातं. त्यांना कोणी प्रवासी म्हणत नाही, कारण त्यांच्याकडे कार्यक्रमपत्रिका नसते. हे सत्य ज्यांना पुरतं उमगलं होतं ते गृहस्थ बस आगाराच्या वेळापत्रक विभागात सतरा वर्षं नोकरी करत होते. आगारात त्यांना मिनिटराव म्हणत. घरी बायकोही म्हणे, फक्त ते खोलीबाहेर गेल्यावर.

समुद्रकाठच्या शहराला जाणारी अकरा नंबरची बस मिनिटरावांनीच कागदावर बसवलेली. कुठल्या थांब्यावर किती थांबायचं, ड्रायव्हरने चहा किती घोटांत संपवायचा, सगळं त्यांचंच. स्वतः मात्र त्या बसमध्ये ते कधी बसले नव्हते. (शिंप्याच्या सदऱ्याला बटण नसतं, त्यातलाच प्रकार.)

सहल निघाली ती आईच्या डोळ्यातून. मिनिटरावांच्या आईचं, वय वर्षं चौऱ्याहत्तर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढताना डॉक्टर म्हणाले, "आता काय हवं ते बघा, आजी." हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच म्हणतात आणि पेशंट घरी जाऊन टीव्ही बघतात. आईने मात्र ते मनावर घेतलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ती म्हणाली, "बाळ, मला समुद्र बघायचाय. जन्मात बघितला नाही. नव्या डोळ्याला एकदा दाखवून आणू."

"आणू की," मिनिटराव म्हणाले. "आखतो."

इथेच माशी शिंकली.

आखणीला अकरा महिने लागले. ज्यांना हा काळ जास्त वाटतो त्यांच्यासाठी तपशील देतो. पहिली तारीख रद्द, कारण फोटोच्या वेळी ओहोटी होती (ओहोटीत समुद्र फोटोत कमी येतो). दुसरी रद्द, ढग. तिसरी रद्द, थोरल्या मुलीच्या नाकावर पुटकुळी. चौथी रद्द, कारण त्याच आठवड्यात साडू पुन्हा तिथेच चालला होता. पाचवी रद्द होण्याला कारण नव्हतं, पण एव्हाना फाइलला सवय लागली होती.

तेवढ्यात आईचा दुसराही डोळा झाला.

या अकरा महिन्यांत नव्या डोळ्यांनी काय काय पाहिलं, त्याचीही नोंद हवी. फ्रिजवरची धूळ. सुनेच्या भांगातला पहिला पांढरा केस. मुलाचं टक्कल ("हे कधी झालं रे?"). आणि एकसष्ट पानांची 'कौटुंबिक पर्यटन व छायाचित्रण योजना, सुधारित मसुदा सहावा'. समुद्र नाही.

आता साडूबद्दल. बायकोच्या बहिणीचा नवरा हे नातं निसर्गाने अशासाठी निर्माण केलं आहे, की माणसाला आपण कुठे मागे पडलो ते घरबसल्या कळावं. साडूने मागच्या वर्षी त्याच शहरात एकशे सत्तेचाळीस फोटो काढले होते. त्यातला एक त्याने भिंतीएवढा करून लावला होता. मिनिटरावांनी तो फोटो तीनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा त्यांना त्यातलं वैगुण्य सापडलं : फोटोत साडूच नव्हता. बिचारा कॅमेऱ्याच्या मागे उभा.

"कुटुंबप्रमुख गैरहजर!" मिनिटराव घरी आल्यावर म्हणाले. "आणि म्हणे कुटुंबाचा फोटो."

त्या दिवशी योजनेचं उद्दिष्ट ठरलं. एकशे अठ्ठेचाळीस फोटो आणि प्रत्येकात पाचही माणसं : मिनिटराव, बायको, आई, थोरली, धाकटी. हजेरी शंभर टक्के. यासाठी ट्रायपॉड आणला गेला. कॅमेऱ्याला दहा सेकंदांचा टायमर होता : बटण दाबायचं, तो दहा वेळा टिकटिकणार, तेवढ्यात धावत जाऊन आपल्या जागी उभं राहायचं.

बाकीचं नियमांनी सांभाळलं. नियम एकूण बावीस होते, महत्त्वाचे तेवढे देतो. दोन : मागे चौघी, आई मधोमध; पुढे मिनिटराव, एक गुडघा टेकून. चार : स्मित करताना वरचे सहा दात दिसावेत, कमी नाहीत, जास्त नाहीत. सात : टिकटिक सुरू झाल्यापासून सर्वांनी फक्त भिंगाकडे बघावे, माणसे एकमेकांकडे बघतात, मग हसतात आणि त्यामुळे स्मित बिघडते. नऊ : फोटो जागेवर उघडून बघण्यास मनाई. (एका फोटोला पंचवीस सेकंद धरली तरी एकशे अठ्ठेचाळीस फोटोंना एक तास, एक मिनिट, चाळीस सेकंद. एवढ्या वेळात दीपगृह उरकतं.)

नियम सातातून मिनिटरावांनी स्वतःलाही सूट दिली नाही. बटण दाबलं की ते भिंगावरची नजर न काढता उलटे धावत आपल्या जागेवर जात. दर रविवारी हॉलमध्ये दोरीवर निळी चादर टाकून तालीम होई. पहिल्या रविवारी ते स्टुलावर आदळले, दुसऱ्या रविवारी आईवर. सातव्या रविवारपर्यंत साडेसात सेकंदांत गुडघा जमिनीला लागू लागला. चादर मधूनच निसटून सगळ्यांच्या डोक्यावर पडे. "भरती आली!" धाकटी ओरडे, आणि तिला नियम चार वाचून दाखवावा लागे.

आईने सहावा मसुदा चष्म्याशिवाय वाचला. एकसष्टच्या एकसष्ट पानं. मग पुढच्या बैठकीत (जेवणाचं टेबल, सकाळी साडेनऊ) तिने चाळिसाव्या पानावर बोट ठेवलं.

"बाळ, ह्यात मी समुद्र कधी बघायचा?"

"आई, दोन्ही दिवस आपण समुद्राजवळच आहोत."

"जवळ आहोत रे. पण आपली तोंडं कुणीकडे?"

"कॅमेऱ्याकडे."

"आणि समुद्राकडे?"

मिनिटरावांनी पान उलटलं. तिथे तक्ता होता : ओळीत लावणे, दोन तास चाळीस मिनिटे, केस सारखे करणे, एक तास पंचावन्न, 'कोणाचे तरी डोळे मिटले असावेत' म्हणून राखीव, एक तास दहा. समुद्रासमोरच्या रकान्यात लिहिलं होतं : पार्श्वभूमी (कायम).

"पाठ," धाकटी म्हणाली. "समुद्राकडे आपली पाठ."

मिनिटरावांची बायको टेलिफोन कंपनीच्या तक्रार कक्षात बारा वर्षं होती. तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तुमची तक्रार नोंदवली आहे." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, बघू द्या की त्यांना. सहल त्यांच्यासाठीच आहे ना?"

"त्यांच्यासाठीच आहे," मिनिटराव म्हणाले, "म्हणून तर त्या मधोमध आहेत."

तरीही हा माणूस निर्दयी नव्हता. आईचा प्रश्न त्यांनी रात्रंदिवस नव्हे, पण कार्यालयीन वेळेत भरपूर डोक्यात घोळवला आणि पर्याय काढले. पहिला, कॅमेरा समुद्राकडे पाठ करून लावायचा आणि माणसांनी समुद्राकडे तोंड करायचं. पण मग फोटोत समुद्र येत नाही, मावळता सूर्यही येत नाही, आणि साडू विचारणार, "हे कुठलं बसस्टँड?" दुसरा, प्रत्येक फोटोआधी आईला चार मिनिटं समुद्र बघू द्यायचा : एकूण नऊ तास बावन्न मिनिटं, म्हणजे सहल तीन दिवसांची. तेवढी रजा नाही. तिसरा, आईच्या हातात छोटा आरसा द्यायचा, त्यात तिने मागचा समुद्र बघावा. याची रीतसर तालीम झाली. आरशातून ट्यूबलाइटचा कवडसा मिनिटरावांच्या टकलावर पडला आणि थोरली जी हसायला लागली ती पाणी प्यायलाच उठली.

चौथा पर्याय सर्वानुमते (एक विरुद्ध चार) मंजूर झाला : आईने समुद्र घरी आल्यावर फोटोत बघावा.

"आणि खरं सांगू का आई," मिनिटराव म्हणाले, "प्रत्यक्षापेक्षा फोटोतला बरा. हलत नाही. मोठा करता येतो."

"बरं," आई म्हणाली.

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचं 'बरं' दोन प्रकारचं असतं. वेळापत्रकात दोन्हींना एकच खूण आहे.

सहल पार पडली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, कारण सगळं योजनेप्रमाणे झालं. बस सहा दहाची सहा बत्तीसला सुटली, तेव्हा मिनिटराव खिडकीबाहेर अशा चेहऱ्याने बघत राहिले, जणू हे आगार दुसऱ्याच कोणाचं आहे. नंतर बंदर, धक्का, दीपगृह, खडक, वाळू. ट्रायपॉड उभा, चौघी ओळीत, बटण, उलटी धाव, गुडघा, सहा दात, क्लिक. मिनिटराव उठून मागे वळेपर्यंत चौघी जागच्या जागी, तोंड समोर, शहाण्यासारख्या. मागून अधूनमधून हसण्याचा आवाज येई. मिनिटरावांनी वहीत लिहिलं : 'नियम चारचे पालन समाधानकारक, क्वचित अतिरेक.'

दुसऱ्या दिवशी शेवटचा फोटो पाण्याच्या काठावर होता. तो झाल्यावर चौघींचे कपडे गुडघ्यापर्यंत ओले आढळले. वहीत शेरा : 'लाट अनियोजित.'

रविवारी चार वाजता साडूला सहकुटुंब बोलावलं होतं. सकाळी अकरा वाजता मिनिटरावांनी घरच्यांना बसवून फोटो टीव्हीवर लावले. त्या पाहणीचा निष्कर्ष असा :

फोटो क्रमांक एक ते एकोणीस : चार माणसं समोर बघताहेत. मधोमध आईचा अंबाडा.

वीसपासून : अंबाडा आणि धाकटीच्या दोन वेण्या.

चोपन्न ते साठ : थोरली अर्धी वळलेली (केस कुठल्या बाजूने बरे दिसतात याचा निर्णय होत नसावा). एकसष्टपासून पूर्ण.

सत्त्याण्णव : बायको. तक्रार कक्षात बारा वर्षं काढलेल्या बाईची मान सहजासहजी वळत नाही. वळली की मग वळलीच.

एकशे अठ्ठेचाळीस : पुढे मिनिटराव, एक गुडघा टेकून, सहा दात नियमाप्रमाणे. मागे लांब, पाण्यात शिरलेल्या चार पाठी, एकमेकींचे हात धरलेल्या.

"हे कधीपासून चाललं होतं?" मिनिटरावांनी विचारलं.

"पहिल्यापासून," धाकटी म्हणाली. "तू बटण दाबलंस की आजी वळायची. म्हणाली, दहा सेकंदं आपली आहेत गं, बघून घ्या."

मिनिटरावांनी मनात गुणाकार केला. एकशे अठ्ठेचाळीस गुणिले दहा. आईने चोवीस मिनिटं चाळीस सेकंद समुद्र पाहिला होता. योजनेत कुठेच न बसलेला समुद्र तिने टायमरमध्ये बसवला होता. सतरा वर्षांच्या नोकरीत एवढं नेटकं काम त्यांनी कुणाचं पाहिलं नव्हतं.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं," आई म्हणाली, "तर तू तेही आखलं असतंस."

टीव्हीवर त्यांचेच सहा दात चमकत होते. मिनिटरावांनी ते बघून घेतले. मग जरा खालच्या आवाजात विचारलं, "कसा होता?"

"कोण?"

"समुद्र."

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. "असं काय करतोस, बाळ?" आई म्हणाली. "तू नव्हतास का? तुझ्या पाठीमागेच तर होता."

मग चौघी एकदम सांगायला लागल्या. एक म्हणाली हिरवा, एक म्हणाली राखाडी, धाकटी म्हणाली तो श्वास घेतो, आणि आईने दोन्ही हात पसरून दाखवलं तेव्हा टेबलावरचा तांब्या कलंडला. मिनिटराव ऐकत राहिले. वहीत काही लिहिलं नाही.

साडू चार वाजता आला. एकशे अठ्ठेचाळीसही फोटो त्याने शांतपणे पाहिले.

"फोटो झकास," तो म्हणाला. "पण ह्या सगळ्या पाठमोऱ्या का?"

"समुद्र बघत होत्या," मिनिटराव म्हणाले.

"तो कशाला?" साडूने अगदी मनापासून विचारलं.

साडूला हसायला हरकत नाही. मात्र हसण्याआधी वाचकाने आपल्या मागच्या सहलीतल्या पाण्याचा रंग सांगावा. समुद्र नसेल तर तळं चालेल, डोंगर चालेल, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडेही चालतील. आठवून सांगायचं आहे. फोन खाली ठेवा.

राहता राहिली ती 'अनियोजित' लाट : चपला आईने जाताना बसमध्येच काढून पिशवीत ठेवल्या होत्या.