विमलताई बघत बसतात

विमलताईंनी लिहिलेला प्रोग्रॅम कुणी पहिल्यांदा वापरायला बसलं, की त्या तांब्यातून पाण्याचा मोठा घोट घेत आणि गिळतच नसत. गाल फुगवून त्या माणसाच्या मागे स्टुलावर बसून राहत. तो भलतंच बटण दाबायचा, घामाघूम व्हायचा, मागे वळून विचारायचा, "म्याडम, आता काय करू?" म्याडम नुसत्याच डोळे मोठे करून बघायच्या.

"तोंड मोकळं राह्यलं की मी सांगून टाकते," त्यांनी मला एकदा सांगितलं. "मी सांगितलं की त्याला जमतं. मंग मला वाटतं, प्रोग्रॅम बेस झाला. आता जन्मभर मी त्याच्या मागं बसणार हाये का?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुन्या जालन्यात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं; प्रोग्रॅम लिहिणारे आम्ही दोघंच. ताई अंबडहून एस.टी.नं ये-जा करायच्या. लग्न केलेलं नव्हतं, घरी वडील होते, एवढंच मला ठाऊक होतं.

बघण्याचं त्यांना वेडच होतं. स्टँडवर लोक फलकावर आपलं गाव कसं शोधतात ते बघता बघता स्वतःची बस चुकवायच्या. ऑफिसात पंखा लावायला गेलं की हमखास दिवा लागायचा. मी म्हणालो, बटणावर नावं चिकटवू. ताई उखडल्या. "नाव चिकटवावं लागतं, म्हणजे बटणच चुकलं!" आणि वायरमन बोलावून सगळा बोर्ड उलटा करून घेतला. त्यानंतर पंखा पंख्याच्या बटणानं लागू लागला, आणि जुनी सवय न मोडल्यामुळे मी एकटाच चुकत राहिलो.

"माणूस न्हाई चुकत, नितीन. पडदा चुकतो," हे त्यांचं काँप्युटरबद्दलचं पालुपद.

एमआयडीसीतल्या एका बियाणं कारखान्याचं काम आम्हाला मिळालं होतं. आलेल्या मालाचं वजन काँप्युटरवर चढवायचं. काट्यावर गफूरचाचा बसायचे. ताईंनी मोठ्या हौसेनं सगळं मराठीत केलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात फाटकाबाहेर टेम्पोंची रांग लागली आणि मालकांचा फोन आला, "ताई, हंगाम तोंडावर आलाय. बराबर चालत नसंल तर तुमचं डबडं घेऊन जा. आमची हातची पावती बरी हाये."

ते काम गेलं असतं तर ऑफिसला कुलूपच लागलं असतं. आम्ही धावत गेलो. ताईंनी घोट घेतला आणि बसल्या. चाचांनी वजन घातलं, नाव घातलं, सगळं अगदी बिनचूक. मग पडद्यावर आलं : 'तुमची खात्री आहे का?' चाचांनी चष्मा काढला, उठले आणि ऊन तुडवत मालकांच्या केबिनकडे निघाले.

मी त्यांना अडवलं. "चाचा, कुठं?"

"मालिक को पूछ के आता. इतना बडा माल, मेरेकु कैसी खात्री?"

दर टेम्पोला ते असं विचारून येत होते! मला हसू आवरेना. ताईंनी पाणी गिळलं, पण हसल्या नाहीत. "बरोबर हाये त्यांचं. गरिबाला खात्री मागितली की त्याला वाटतं, आता अंगावर येणार."

त्यांनी तो प्रश्नच काढून टाकला. त्या जागी एक मोठं बटण ठेवलं : 'चुकलं, मागं घ्या.' चाचांनी मुद्दाम चुकून बघितलं, मागं घेतलं, पुन्हा चुकले, पुन्हा मागं घेतलं आणि लहान पोरासारखे खुश झाले. संध्याकाळपर्यंत रांग संपली. काम टिकलं.

पुढच्या वर्षी ताईंच्या वडिलांना लकवा झाला. ताई येईनाशा झाल्या, म्हणून मी अंबडला गेलो. वडिलांना त्या दादा म्हणत; ते एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. खाटेजवळ ऑफिसातला जुना काँप्युटर, पडद्यावर मोठाले चौकोन : पाणी, चहा, पंखा, औषध. प्रत्येकाचं एकेक मोठं बटण डाव्या हाताशी, ते दाबायचं.

"एकबी दाबत नव्हते," ताई म्हणाल्या. "मी चिडायची. ताट आणलं की तोंड मिटायचे, ताट माझ्याकडं ढकलायचे. मला वाटलं, भूक न्हाई. मंग एक दिवस गप बसून नुसतं बघितलं. ड्यूटीवरून आले की चपला काढायच्या आधी इचारायचे. माय गेल्यापासून रोज. त्यांना काही मागायचंच नव्हतं रे, नितीन."

तेवढ्यात दादांनी ताईंनी नंतर जोडलेलं एक बटण दाबलं आणि काँप्युटर वाजला. पडदाभर अक्षरं आली : 'जेवलीस का?'

"जेवले, दादा," ताई म्हणाल्या. मग हळूच मला, "खोटं बोलते. त्यांना भरवून झालं की चुलीपाशी उभ्यानंच काहीतरी खाते. एकटीसाठी कुठं ताट वाढू?"

दादा माझ्याकडे बघत होते. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"तुला इचारून राह्यलेत," ताई म्हणाल्या.

मी जालन्याहून पोटभर जेवून निघालो होतो. म्हणालो, "न्हाई जेवलो, काका."

दादांचा चेहरा डाव्या बाजूनं हसला. ताई आत गेल्या आणि खाटेजवळ सतरंजी अंथरून त्यांनी तीन ताटं मांडली.