वामनबाबांचा ध्रुव

आमच्या वाडीत मुलाचे नाव ध्रुव ठेवायचे असेल, तर वामनबाब परगावी गेलेले असतील तो दिवस बघून बारसे उरकून घ्यावे, असे आता सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकले आहे.

पहिल्या ध्रुवाच्या बारशाला हे कोणाला ठाऊक नव्हते. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले, बायका कौतुकाने "ध्रुव, ध्रुव" म्हणाल्या आणि पंचाहत्तरीचे वामनबाब हातातली शिऱ्याची बशी खाली ठेवून उभे राहिले.

"ध्रुव कित्याक?" ध्रुवच का, असे त्यांनी बाळाच्या बापाला विचारले.

"कित्याक म्हणजे? बरें नांव, वामनबाब. आतां सगळेच दवरतात."

"जो जाग्यावयलो हलना, तो ध्रुव! तुजो पोर पाळण्यांत घालतना चार फावट कुशीर वळलो. आनी तूं? दोन वर्सांत तीन नोकऱ्यो सोडल्यो! तुज्या घरांत कोण थारता काय एका जाग्यार? बरें, ध्रुव खंय आसा तें तरी सांग. हात करून दाखय."

बापाने घाबरून एक हात वर केला.

"थंय म्हापशें आसा!" वामनबाब ओरडले आणि त्यांनी त्या बिचाऱ्याचा हात मनगटाला धरून दक्षिणेकडून उत्तरेकडे फिरवला. बाळ दचकून रडायला लागले. आत्या तर वामनबाबांशी अजून बोलत नाही.

वामनबाब माझे शेजारी. सरकारी मोजणी खात्यात सारी नोकरी झाली. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत त्यांनी पाय ठेवला नाही असे शेत नाही आणि शिव्या खाल्ल्या नाहीत असे घर नाही. एका बांधापायी भाऊ भावाचे डोके फोडायचा, पण वामनबाबांनी ठोकलेला दगड कोणी हलवायचा नाही. त्यांच्या स्वतःच्या मेव्हण्याची गडग्याची भिंत दुसऱ्याच्या जमिनीत दोन हात गेलेली निघाली, तेव्हा त्यांनी नकाशावर ती दोन हात गेलेलीच दाखवली. त्या वर्षापासून सासुरवाडीचे कोणी गणपतीच्या चवथीला त्यांच्याकडे आले नाही. वामनबाबांना त्याचे वाईट वाटले, पण रेघ काही त्यांनी बदलली नाही.

निवृत्तीनंतर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा त्यांनी आम्हाला धरले. "आदीं दिशा, मागीर गजाली," म्हणजे आधी दिशा, मग गप्पा, हे त्यांचे पालुपद. कोणताही कागद हातात आला की आधी खिशातली पेन्सिल काढून वरच्या उजव्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढायचा. लग्नपत्रिका, विजेचे बिल, डॉक्टरची चिठ्ठी, काहीही असो. माझ्या घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवर त्यांचा बाण थेट गणपतीच्या सोंडेतून गेला होता. बोलून उपयोग नसतो हे मला आधीच्या एका प्रसंगाने शिकवले होते.

तो प्रसंग असा. मी हायस्कुलात मराठी शिकवतो. आमच्या हेडमास्तरांच्या निरोप समारंभात मी बरीच तयारी करून भाषण केले आणि शेवटी म्हणालो, "सर म्हणजे आमच्या शाळेच्या आकाशातले सर्वांत तेजस्वी नक्षत्र, आमचा ध्रुवतारा!" टाळ्या पडल्या. त्या थांबतात न थांबतात तोच गावकऱ्यांच्या रांगेतून वामनबाब उठले.

"मास्तर, चूक! आकाशांतलो सगळ्यांत तेजस्वी तारो ध्रुव न्हय. तुमी सगळे शुक्राक ध्रुव म्हणटात. शुक्र सांजेक एक कडेन, सकाळीं दुसरे कडेन! ध्रुव तेजान मधलोच. दिसता न दिसता सो. त्याचें मोठेंपण एकच, तो आपल्या जाग्यार आसा. आनी हेडमास्तर तर फाल्यां घरा वतले!"

उद्यापासून घरी बसणारे हेडमास्तर हसले, मला हसता आले नाही. घरी येऊन मी पुस्तक उघडले तेव्हा कळले की म्हातारा बरोबर होता. त्याचा राग वेगळाच आला.

हरमलला जाणारे पर्यटक भाड्याच्या स्कूटरवरून आमच्या वाडीत येऊन हमखास चुकतात. वामनबाब बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या सोप्यावर, त्यांची वाटच बघत असतात. एकदा एका जोडप्याने वाट विचारताना फोनमधला नकाशा त्यांच्या हातात दिला. वामनबाबांनी तो बघण्यासाठी जरा अंग वळवले, तर नकाशाही वळला. ते पुन्हा वळले, नकाशा पुन्हा वळला. मग त्यांचा जो संताप झाला तो मी कधी विसरणार नाही.

"मास्तर, हें पळय! ह्यांच्या फोनांत उत्तर फिरता! माणूस जंय तोंड करता थंय वयर! म्हणजे माणसान दिशा धरपाची ना, दिशेन माणसाक धरपाचें! असल्यांनी वाट चुकूंची ना जाल्यार कितें करूंचें?"

जोडपे फोन परत मिळेल की नाही या काळजीत उभे. शेवटी शालूकाकी आतून चाचपडत बाहेर आल्या, त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेऊन अंदाजाने जोडप्याच्या दिशेने पुढे धरला आणि म्हणाल्या, "वचात बाबांनो, वचात. ह्या वाटेन सरळ."

शालूकाकी म्हणजे वामनबाबांची बायको. नवरा जितका तडतड्या, तितक्या या शांत. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू झाल्याचे म्हापशाच्या डॉक्टरने सांगितले. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची, म्हणून दिवसातून तीनदा डोळ्यांत थेंब. ते वामनबाबच घालतात, घड्याळ लावून.

आणि रोज तुळशीपुढे दिवा लागला, अंधार जरा दाटला, की वामनबाब काकींना कोपराला धरून अंगणाच्या उत्तरेच्या टोकाला नेतात. त्या बाजूला त्यांनी एक झाड लावू दिलेले नाही. एक माड होता, तो वादळात पडला, तर वामनबाबांनी दुसरा लावला नाही. कारण आपल्या गोव्यात ध्रुव फार खाली असतो. हात लांब करून क्षितिजावर वीत धरली तर वीतभरसुद्धा भरत नाही. मध्ये एक आंबा आला तरी गेला. तिथे उभे राहून वामनबाब बोट करतात आणि विचारतात, "दिसता?"

काकी म्हणतात, "दिसता."

बस्स. दोघे आत जातात. आमच्या घरात ते इतके स्पष्ट ऐकू येते की माझी बायको त्या "दिसता"वर भाताचे आधण ठेवते.

हे वेड कधीपासूनचे, असे मी एकदा काकींना विचारले. काकी हसल्या. "लग्नासून. आमचो मुहूर्त गोरजाचो. भटजीन सांगलें, व्हंकलेक ध्रुव दाखय. सगळे कितें करतात? न्हवरो खंयूय बोट दाखयता, व्हंकल दिसलो म्हणटा, मोकळीं जातात. पूण ह्यांचें तशें न्हय. त्या दिसा मळब आशिल्लें. हे म्हणूंक लागले, दिसल्या बगर दिसलो म्हणूंक ना. पावणे पानांवयर बसून रावले, उसळ थंड जाली, माजो मामा उठून गेलो. मागीर मळब गेलें, ध्रुव दिसलो, तेन्ना जेवणां!"

अशा माणसाच्या अंगणासमोर, बरोबर उत्तरेला, शेत विकले गेले.

कुणी घेतले, कुठल्या शहरातल्या माणसांनी, हे गावाला कळण्याआधी पत्र्याचे कुंपण पडले आणि त्यावर फलक लागला. फलकावर पोहण्याचा तलाव, दारूचा पेला घेतलेली एक बाई आणि मोठ्या सोनेरी अक्षरांत नाव: 'ध्रुवतारा व्हिलाज'.

मला वाटले, आता वामनबाबांना झटका येणार. पण ते शांतपणे घरात गेले, जुनी दुर्बीण तिपाईवर चढवून अंगणाच्या टोकाला दोन तास उभे राहिले, आणि येऊन मला म्हणाले, "पयलो स्लॅब चलता. दुसरो चलता. तिसरो पडलो काय ध्रुव गेलो."

दुसऱ्या दिवशी बांधकामावरचा मुकादम पेढे घेऊन वाडीत आला. कोल्हापूरकडचा, तोंडाने गोड. वामनबाबांनी पेढा हातात धरून विचारले, "हें नांव कोणें दवरलां?"

"सायबांनी, काका. ध्रुवतारा म्हंजे वाट दावणारा. गिऱ्हाइकांना लई आवडलंय."

"नांव दवरतात आनी ताच्याच तोंडावयर भिंत घालतात? तिसरो मजलो नाका. दोनूच बांदात."

"काका, तिसऱ्यावरनंच तर समुद्र दिसतोय. लोक येणार ते त्याच्यासाठीच."

वामनबाबांनी पेढा परत डब्यात ठेवला.

मग अर्ज. अर्ज मीच लिहून दिला, शुद्ध मराठीत, आणि खरे सांगायचे तर लिहिताना आतून हसत होतो. 'सदर बांधकामामुळे अर्जदाराच्या अंगणातून ध्रुवतारा दिसणे बंद होईल' असे वाक्य मी त्यापूर्वी कधी लिहिले नव्हते. ग्रामसभेत ते वाचले गेले तेव्हा सभा लोटपोट झाली. सरपंच भला माणूस, पण त्यालाही आवरेना. "वामनबाब, रस्तो आडलो जाल्यार अर्ज घेतां, उदक आडलें जाल्यार घेतां. तारो आडलो म्हणून खंयच्या खात्याक धाडूं?"

वामनबाब उभेच होते. "पायवाटेक हक्क आसा. बांयच्या उदकाक हक्क आसा. सगळ्या दर्यार जो वाट दाखयता, ताका ना?"

पुन्हा हशा. मग सरपंचाने जरा मायेने विचारले, "पूण तुमकां तो जाय तरी कित्याक?"

त्या माणसाने सबंध तालुक्याला सुनावले आहे, पण तेव्हा "घरचें काम आसा," एवढेच म्हणून ते खाली बसले. आणि मी, शेजारी, मास्तर, त्या सभेत सगळ्यांबरोबर हसलो होतो. त्याची मला आजही लाज वाटते.

काम चढत गेले. पावसाळा संपता संपता तिसरा स्लॅब पडला. कुणाचे काही अडले नाही. आठवडाभराने मी शाळेतून येताना वर पाहिले तर अंगणाच्या उत्तरेला आकाश म्हणून काही राहिलेच नव्हते. करड्या भिंती आणि हिरवी जाळी. माझे डोके भडकले. आपलेच गाव, आपलेच आकाश, आणि त्या ध्रुवाला गाडून वर त्याचेच नाव लावायचे! मी घरी येऊन चहासुद्धा न घेता नवा अर्ज लिहिला. पंचायतीला नव्हे, थेट पणजीला. यावेळी एकही शब्द हसून लिहिला नाही. दिवेलागण झाल्यावर तो घेऊन वामनबाबांकडे गेलो.

"बस. इल्लें रावपाचें," असे मला जरा थांबायला सांगून ते काकींना घेऊन अंगणाच्या टोकाला गेले. मी बाल्कांवातून बघत होतो. त्यांनी नेहमीसारखे बोट केले. बोटासमोर बरोबर तिसऱ्या मजल्याची भिंत होती.

"दिसता?"

"दिसता," काकी म्हणाल्या. "नेमको थंयच आसा."

मी उठून उभा राहिलो. "काकी, थंय तर..."

वामनबाबांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला. त्यांनी काकींना आत नेले, खुर्चीवर बसवले, डोळ्यांत थेंब घातले. एक थेंब गालावर पडला तो पंच्याने टिपला. मग बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले.

"आठ दीस जाले स्लॅब पडून," ते म्हणाले. "भिंत इतकी वयर आयल्या हें तिका कोणें सांगूंक ना. पयल्या दिसा म्हटलें, आयज ती म्हणटली, दिसना. म्हणूंदी, हांव वाटच पळयतालों. दिसना म्हटलें आसतें जाल्यार बरें वाटलें आसतें माका. ती दिसता म्हणाली. दुसऱ्या दिसाय दिसता."

मला हळूहळू कळत गेले. सहा वर्षे हा माणूस रोज संध्याकाळी बायकोची नजर मोजत होता. डॉक्टरच्या तक्त्यावर त्याचा विश्वास नव्हता. न हलणारी एकच खूण त्याला ठाऊक होती, तीवर तो रोज तिचे डोळे लावून बघत होता. आणि ती खूण भिंतीआड गेल्यावर त्याला कळले की काकींना दिसत नाही.

"म्हणजे केन्नासून दिसना त्यांकां?" मी विचारले.

"तेंच माका मोजूंक जमलें ना, मास्तर." ते म्हणाले. "वर्स जालें आसत, दोन जालीं आसत. माका वायट वाटूं नये म्हणून दिसता म्हणटाली."

मी अर्ज पुढे केला. रागाने बोलत सुटलो. ती इमारत पाडायला लावू, कोर्टात जाऊ, असे काहीबाही. वामनबाबांनी कागद वाचला, चार घड्या घातल्या आणि माझ्या खिशात ठेवला.

"आतां नाका. वच घरा."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी मुद्दाम कुंपणाशी थांबलो. आज ते काकींना अंगणात आणणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण आले. कोपराला धरून, पायरीपाशी सांभाळून, नेहमीच्या जागी. भिंतीवर मजुरांनी टांगलेला एक बल्ब जळत होता.

"दिसता?" वामनबाबांनी विचारले.

"दिसता," काकी म्हणाल्या. मग त्यांनी आजवर कधी विचारले नव्हते ते विचारले, "आनी तुमकां?"

वामनबाबांनी समोरच्या भिंतीकडे पाहिले.

"माकाय दिसता," ते म्हणाले.