पायऱ्या उतरून डावीकडची खोली

"मी काही रडणाऱ्या आयांपैकी नाही! तू तिकडे खुशाल राहा. इकडे मला कामं काय कमी आहेत?" असं काकूंनी विमानतळावर आपल्या लेकीला, बबडीला, ठणकावून सांगितलं. बबडी हात हलवत आत गेली. काकू घरी आल्या आणि कामं शोधायला लागल्या.

काम सापडेना. सगळी नोकरी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून झालेली. निवृत्तीनंतर बारकाईनं बघायला घरात उरले फक्त काका, आणि ते पहिल्याच आठवड्यात बघून झाले! मग काकूंनी संमोहनोपचाराच्या वर्गात नाव घातलं.

"म्हणजे तू लोकांना झोपवणार?" काकांनी विचारलं.

"झोप नाही हो ती. एकाग्र अवस्था असते."

"मग मी रोज दुपारी पेपर तोंडावर घेऊन एकाग्रच असतो की!"

वर्गातल्या मॅडमचे नियम सोपे होते. सरावाला आधी ओळखीचे घ्या, मग अनोळखी. आधी फुकट, मग निम्मी फी, मग पूर्ण. फुकट मात्र फार दिवस करू नका, फी लावली की माणूस मन लावून बरा होतो. आणि डोळे मिटलेल्या माणसाला पायऱ्या उतरवत त्याच्या आवडत्या जागी न्या. ती जागा त्याची त्याला बघू द्या. तुम्ही तपशील घालू नका.

हा शेवटचा नियम काकूंना पटला नाही. तपशील नाही म्हणजे काय? लॅबमध्ये त्यांनी कधी 'काहीतरी लालसर दिसतंय' असा रिपोर्ट दिला होता का?

उपचारांना शांत खोली हवी. घरात रिकामी होती ती बबडीचीच. काकूंनी पलंग विकला, मागे रेलणारी ऐसपैस खुर्ची आणली. निळा पडदा काढून मॅडमच्या सांगण्यावरून करडा लावला. बबडीला हे सांगायचं राहून गेलं. म्हणजे रोज फोनवर बोलणं व्हायचं आणि रोज राहून जायचं.

पहिले आले शेजारचे कॅशियरभाऊ. बँकेतून निवृत्त झाले होते, सिगारेटमधून व्हायचे होते. काकूंनी त्यांना खुर्चीत रेलवलं, डोळे मिटायला लावले, आवाज सायीसारखा मऊ केला.

"एकेक पायरी उतरा... खाली आलात. डावीकडे एक खोली आहे..."

इथं थांबायला हवं होतं. पण काकूंना थांबता येईना!

"खोलीत निळा पडदा आहे. त्याची एक कडी तुटलीय, म्हणून कोपऱ्यात लोंबतो. खिडकी अडकते, पण खालून गुडघा मारला की उघडते आणि गार वारा येतो. टेबलावर पेन्सिली आहेत, सगळ्यांची टोकं चावलेली. आत्ताच कोणीतरी इथून उठून गेलंय. गादी अजून कोमट आहे..."

कॅशियरभाऊंनी डोळे उघडले तेव्हा पापण्या ओल्या होत्या.

"वहिनी, कोण उठून गेलं हो?"

"ते तुमचं तुम्ही ठरवायचं," काकू शास्त्रीय आवाजात म्हणाल्या.

"आपली बबडी ना?"

"तुम्ही सिगारेटचं बोला!"

"तिचं काय, ती जाता जाता ओढीन."

मग लिफ्टची भीती घालवायला शिंपीणबाई आल्या. त्या खुर्चीतून उठल्या, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "काकू, लिफ्टचं राहू द्या. मी आपली जिन्यानं जाईन. पोर कधी येतेय?" दातांचे डॉक्टर वजन कमी करायला आले. जाताना ते 'त्या पडद्याची कडी बसवून घ्या हो' असं सांगून गेले!

निम्म्या फीची वेळ आली. काकूंनी हिशेब मांडला: वीज, खुर्चीची झीज, घशाची झीज. उत्तर दशांशात आलं.

"एवढे सुट्टे कोण आणणार?" काका म्हणाले.

खरी अडचण सुट्ट्यांची नव्हतीच. गुण कोणालाच येत नव्हता! कॅशियरभाऊ धुराड्यासारखे धूर सोडत होते, शिंपीणबाई धापा टाकत जिने चढत होत्या. प्रयोग फसला तर बिल कसं लावायचं?

"गुण येऊ दे, मग फी," काकूंनी जाहीर केलं.

"अहो वहिनी, गुण गेला खड्ड्यात!" कॅशियरभाऊ म्हणाले. "त्या खोलीत घटकाभर बसायला मिळतं, त्याचे घ्या!"

काकूंनी घेतले नाहीत. त्या खोलीचे पैसे घ्यायला त्यांचा हात पुढे होईना.

आणि एके दिवशी बबडीचा फोन आला. आवाज चढलेला.

"आई, काय चाललंय तिकडे? शिंपीणबाई विचारतायत, मी पेन्सिली अजून चावते का! शेजारचे काका मेसेज करतात, 'ये बाळा, गादी कोमट आहे.' घाबरले ना मी! आणि हे दातांचे डॉक्टर कोण? म्हणतात, पडद्याचं मी आईंना सांगितलंय, तू काळजी करू नकोस!"

"सराव चाललाय गं. म्हणजे कल्पनाशक्तीला चालना..."

"आई. मी यायला हवीय का तुला?"

"तुझी रजा, तुझं काम, तिकीट..."

"हो की नाही?"

काकूंनी आयुष्यभर लोकांना हो किंवा नाही असेच रिपोर्ट दिले होते. स्वतःचा मात्र कधी दिला नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की काकांनी तोंडावरचा पेपर काढला.

"मग सांगायचंस ना! अख्ख्या गल्लीला झोपवून निरोप कशाला पाठवलास?" बबडी नाक ओढत हसली. "येतेय मी. आणि आल्यावर माझ्या खोलीत नुसती लोळणार आहे!"

काकूंनी फोन ठेवला आणि किंचाळल्या, "अहो, पलंग!"

पलंग केव्हाच परगावी गेला होता. निळ्या पडद्याच्या शिंपीणबाईंनी पिशव्या शिवल्या होत्या. बिचारीनं गल्लीभर हिंडून त्या गोळा केल्या, उसवल्या, पुन्हा जोडल्या. पिशव्यांचे दोन बंद तेवढे पडद्याला लोंबत राहिले. बबडी परवा यायची होती, तेव्हा पलंग उद्या बघू, असं ठरलं.

बबडी आजच आली! आधीचं विमान मिळालं म्हणे. खोलीच्या दारात बॅग घेऊन उभी राहिली. समोर ठिगळांचा निळा पडदा, आणि पलंगाच्या जागी खुर्चीत डोळे मिटून पसरलेले कॅशियरभाऊ.

"आई, माझी खोली कुठे गेली?"

उत्तर खुर्चीतून आलं, गाढ आवाजात.

"पायऱ्या उतरून डावीकडे, बाळा. खिडकी अडकली तर गुडघा मार."

बबडीनं आईकडे पाहिलं. बॅग खाली ठेवली, खिडकीपाशी गेली आणि खालून गुडघा मारला. खिडकी उघडली. पडदा फुगला, त्याचे बंद हलले. काकूंनी लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडणाऱ्या आयांपैकी झाल्या.

"वहिनी!" कॅशियरभाऊ मिटल्या डोळ्यांनीच ओरडले. "आज वारासुद्धा लागला! पूर्ण फी लावा आता!"