धाकट्या थेंबाचं प्रकरण

"माझ्या थेंबाला कोणी हात लावला?" ताई कडाडली.

जेवणाच्या टेबलावर पोस्टाच्या तिकिटाएवढी चिप होती. दोन टोकांना दोन भोकं, मधून केसाएवढी बारीक नळी. एका भोकावर छोटासा लाल थेंब, दुसऱ्यावर साध्या पाण्याचा टपोरा. लहान थेंबात दाब जास्त, म्हणून तो आपणहून नळीतून हळूहळू मोठ्या थेंबात जायचा. ना पंप, ना वीज! खऱ्या प्रयोगात वाटेतल्या उष्णतेने डीएनएचे एकाचे दोन, दोनाचे चार होणार होते. उद्या हे कॉलेजातल्या मॅडमना दाखवायचं. फसलं तर प्रकल्प दुसऱ्याच्या हातात. आणि आज रंगीत तालमीतच लाल थेंब ढिम्म!

"मी नाही हं," धाकटी म्हणाली.

"मग एवढी गरीब गाय का झालीयेस?"

ताईने धाकटीला खोलीत कोंडलं, नवे थेंब ठेवले आणि मोबाइल आणायला गेली. परत येते तो काय, लाल थेंब पुन्हा ठप्प! आता संशयाचेही एकाचे दोन झाले. तिने चिप बनवणाऱ्या मित्राला फोन लावला.

"मुद्दाम खराब दिलीस ना? प्रकल्प तुलाच हवाय!"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" त्याने फोनच आपटला.

"ताई, मला सोड, मी चोर पकडून देते," दाराआडून आवाज आला.

"चोरच चोर पकडणार?" ताई पुटपुटली. पण दुसरा उपाय नव्हता. पुन्हा थेंब ठेवून दोघी टेबलाखाली दबा धरून बसल्या. ताईने धाकटीचं मनगट घट्ट धरलं होतं, न जाणो!

थोड्या वेळाने ओळखीच्या चपला फटक फटक करत आल्या. वरून पुटपुटणं ऐकू आलं, "परत हिलाच कमी! असं कसं चालेल?"

दोघी एकदम बाहेर आल्या. हातात ड्रॉपर घेऊन बाबा लहान थेंबात पाणी घालून तो मोठ्याएवढा करत होते! दोन्ही सारखे, म्हणजे दाबही सारखा; मग थेंब सरकणार कसा?

"बाबाऽ! तुम्ही?"

"अगं, एकीला एवढं, एकीला तेवढं! तुमच्या भांडणांपायी जन्मभर मापून वाटतोय मी. हात आपोआप जातो."

बाबांना बाहेर काढल्यावर लाल थेंब ऐटीत सरकत मोठ्यात गेला. ताईने मित्राची माफी मागितली. धाकटीची मागणं जड गेलं, म्हणून केक कापला. पण मोठा तुकडा सवयीने स्वतःच्याच बशीत ठेवला.

बाबा सुरी घेऊन धावले.

"थांबा बाबा, लहानच बरा," धाकटी म्हणाली. तिने आपला तुकडा अलगद ताईच्या बशीत सरकवला आणि ती बशी उचलून पळाली.